माझ्या बायपासची बैठक

आमच्याकडे लग्न जुळवायचं असो की भावाभावांत वाटणी करायची असो, आधी बैठक होते. अंगणात सतरंजी पडते, एका अंगाला एक बाजू बसते, दुसऱ्या अंगाला दुसरी, आणि मध्ये पानाचं तबक. माझ्या हृदयासाठीही अशीच बैठक झाली. फरक एवढाच, की तबकाच्या जागी माझ्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट होता आणि त्यावर आलूबोंड्याच्या तेलाचा डाग पडला होता. हृदयाच्या बैठकीला आलूबोंडे घेऊन येणारी माणसं आहेत आमची. त्यांना काय बोलावं?

आधी मी कोण ते सांगते. अमरावतीजवळ, वलगावच्या बाजूला आमचं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान मुलांना शिकवण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. माहेर अकोल्याचं. नवरा भाजीपाल्याचा शेतकरी. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे तुमची पुण्याकडची कोथिंबीर. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते, तोंडावर 'तुमी' म्हणते, आणि मनात काय म्हणते ते त्याला बरोबर माहीत आहे.

शाळेत माझा आवाज चार वर्ग ओलांडून हेडमास्तरांच्या खुर्चीपर्यंत जायचा. घरी मात्र भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, तो स्वयंपाकघराचा उंबरठा कधी ओलांडून गेला नाही. तशी रीतच आहे आमच्या घरची. मोठा भाऊ बसलेला असला की धाकटा भाऊ आणि त्याची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. आणि भासरे तर दिवसभर ओट्यावरच बसलेले असतात. मग संसार कसा चालतो? भांड्यांवर चालतो. बाहेर काही विचारणा झाली आणि मी आतून गंजावर, म्हणजे चहाच्या भांड्यावर, झाकण आपटलं, तर नाही. हळूच ठेवलं तर हो. नळ सोडून बराच वेळ पाणी ओतत राहिले, तर नंतर पाहू. यावर आम्ही म्हैस विकली, बोअर मारली, पोरीचं लग्न जुळवलं. एकदाही गल्लत झाली नाही, त्यामुळे नवऱ्याला आपण या भाषेत पंडित झालो असं वाटायला लागलं होतं.

दुखणं सुरू झालं ते पित्त म्हणून. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चार पावलं भराभर चालले की छातीत आग व्हायची. ओवा खाल्ला, सोडा घेतला, तिखट कमी केलं. तिखट कमी केल्यावर नवऱ्याचं तोंड उतरलं, माझी आग काही उतरली नाही. मग पेन्शनच्या कामासाठी ऑफिसचा जिना चढता चढता मधल्याच पायरीवर मी मटकन बसले. तिथल्या बाबूनं पाणी दिलं आणि म्हणाला, "बाई, हे पित्त नाई. माया बापाचं असंच झालं होतं." त्या बापाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी मनगटातून तार घालून अँजिओग्राफी केली. डॉक्टर तरुण, पण समजावून सांगायची हौस असलेला. मला आवडला. त्यानं कागदावर हृदय काढलं, ते पपईसारखं दिसत होतं, आणि त्यावर पेनानं फुल्या मारल्या. हृदयाला रक्त नेणाऱ्या तीन मोठ्या नळ्या, आणि तिन्ही अरुंद झालेल्या, काही तर दोन-दोन ठिकाणी. वर साखरेचा आजार जुना.

"दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "अँजिओप्लास्टी म्हणजे मनगटातून आत जाऊन फुग्यानं नळी रुंद करायची आणि तिथं जाळीचा छल्ला बसवायचा, स्टेंट. एक-दोन दिवसांत घरी. पण तुम्हाला एक नाही, बरेच छल्ले लागतील, आणि साखर असली की नळ्या पुन्हा अरुंद होण्याचा धोका जास्त. बायपास म्हणजे छातीचं हाड उघडून, पायातली शीर आणि छातीतली एक नळी घेऊन, अडलेल्या जागेला वळसा घालून नवा रस्ता जोडायचा. त्रास मोठा, हाड जुळायला दोन-तीन महिने. पण तुमच्यासारख्या पेशंटला ते जास्त काळ टिकतं. एकच जागा अरुंद असती, तर मी बायपासचं नावही काढलं नसतं. माझा कल बायपासकडे आहे. पण शरीर तुमचं आहे. चार दिवस विचार करा, जास्त लांबवू नका, आणि मध्ये दुखलं तर लगेच या."

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, की प्रश्न नीट वाचला की निम्मं उत्तर सापडतं. मला सापडलं होतं. बायपास. डोक्यात ते स्पष्ट होतं. पण डोक्याखाली एक गळा असतो, त्यात ते अडकलं. कारण तीन महिने मला उठवणार कोण? एकुलती एक पोरगी हैदराबादला, पाचवा महिना लागलेला, प्रवासाला बंदी. मोठ्या जावेचे गुडघे गेलेले, तिलाच उठवायला माणूस लागतो. राहिला नवरा. त्यानं जन्मात मला पाण्याचा पेला दिला नव्हता. द्यायचा नव्हता असं नाही, पेले कुठं ठेवतात ते त्याला माहीत नव्हतं.

घरी गेल्यावर भासऱ्यांनी नवऱ्याला विचारलं, "डॉक्टर काय म्हन्ला?"

"विचार करा म्हन्ला."

"म्हन्जे त्यालेबी माईत नाई," भासरे म्हणाले. "बैठक बसवा."

तर बैठक बसली. एका अंगाला धामणगाव रेल्वे या गावचे जवाई, नणंदेचे यजमान, कापसाचे व्यापारी. त्यांची बायपास झालेली. दुसऱ्या अंगाला अकोल्याहून आलेला माझा धाकटा भाऊ. त्याची अँजिओप्लास्टी झालेली. आलूबोंडे त्यानंच आणले होते, आणि पहिला त्यानंच खाल्ला. मध्ये भासरे. नवरा कडेला, खाली मान घालून. आणि मी, जिच्या हृदयाची ही सारी कथा, मी आत सगळ्यांसाठी चहा ठेवत होते. माझं लग्न ठरलं तेव्हाही मी आत पोहेच करत होते. तेव्हा मी अठरा वर्षांची होते, राग यायचं वय नव्हतं. आता होतं.

जवायांनी सुरुवातीलाच सदऱ्याची बटणं सोडली. गळ्याखालपासून सरळ खाली उतरलेली रेघ सगळ्यांना दाखवली. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला आणि शीर काढल्याची खूण दाखवली.

"पाच वर्सं झाले," ते म्हणाले. "अजूनबी कापसाच्या गाडीवर चढून माल पाह्यतो. एकदा का रस्ता नवा केला, की झंझटच नाई."

भावानं मनगट पुढं केलं. त्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि तोच त्याचा मुद्दा होता. "पाहा. कुठं हाय खून? सकाळी गेलो, दुसऱ्या दिवशी अकोल्यात घरी बसून भाकर खाल्ली. तुमी तीन महिने उशी छातीशी धरून बसले होते, जवाई. खोकला आला तरी घाबरत होते."

"अन् तू गोया खाऊन राहिला न मूठभर?"

"गोया तर तुमीबी खाता."

"माया कमी हायेत."

"मोजून दाखवा."

दोघांनी खरंच खिशातून गोळ्यांचे डबे काढले. भासऱ्यांनी चष्मा लावला आणि मोजायला घेतल्या. मी दाराआडून पाहत होते आणि मनात म्हणत होते, अरे भैताडांनो, याची एकच नळी अरुंद होती, एकाच जागी. जवायांच्या तिन्ही होत्या. दोघांच्याही डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबरच केलं. याला जे केलं ते त्यांना केलं असतं, तर आज इथं भांडायला दोघांपैकी एकच जण उरला असता. पण हे सांगायला मला बाहेर जावं लागलं असतं. आणि मी गेले नाही. चाळीस वर्षांत न ओलांडलेला उंबरठा त्या दिवशीच ओलांडायचं सुचलं नाही, याचा मला आजही राग येतो. भासऱ्यांचा नाही, माझाच.

गोळ्या मोजून झाल्या, दोन जास्त निघाल्या त्या भावाच्याच. जवाई खूश झाले. भाऊ म्हणाला, त्यातली एक बीपीची आहे, ती धरू नका. मग भासऱ्यांनी घसा खाकरला आणि बैठकीतला पहिला शहाणा प्रश्न विचारला. "हे सारं ठीक हाय. पन लहानीचं काय म्हननं हाय?"

लहानी म्हणजे मी. प्रश्न अर्थातच नवऱ्याला विचारला होता. नवऱ्यानं कान स्वयंपाकघराकडं लावला.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत काहीतरी ओढल्यासारखं झालं. हातात गंजावरचं झाकण होतं, ते सुटलं आणि फरशीवर पडून गरगर फिरत राहिलं. मी ओट्याला धरून उभी राहिले. दोन मिनिटांत कळ गेली. पण तोवर बाहेर निकाल लागला होता.

"तिचं नाई म्हननं हाय, भाऊ," नवरा म्हणाला. "बायपासले नाई."

"बरं. मंग अँजिओप्लास्टी ठरली," भासरे म्हणाले.

भावानं उरलेला आलूबोंडा विजयानं उचलला. मी चहा गाळला. कपांत ओतताना मला राग आला होता, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं होतं. दोन दिवसांत घरी. कोणाच्या हातचं पाणी नको, कोणाचा खांदा नको. जे डोक्याला पटत नव्हतं ते मनाला सोयीचं होतं, आणि ठरवलं होतं दुसऱ्यांनीच, म्हणजे दोषही माझा नाही. हाताला कळ आली होती हेही मी कोणाला सांगितलं नाही. मुलांनी असं लपवलं असतं, तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतं.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो. भासरे नव्हते. खोलीत फक्त तिघं आणि भिंतीवरचं कॅलेंडर.

"मग काय ठरलं?" डॉक्टरनं विचारलं.

"अँजिओप्लास्टी," नवरा म्हणाला. "तिचं बायपासले नाई हाय."

डॉक्टर माझ्याकडं वळला. "का हो, मॅडम? त्या दिवशी तर तुम्हाला पटल्यासारखं दिसलं. कधी बदललं मत?"

"मी नाही बदललं," मी म्हणाले.

"अवं, तू झाकन आपटलं न," नवरा म्हणाला.

डॉक्टर दोघांकडं आळीपाळीनं पाहायला लागला. मग मला सगळी भांड्यांची भाषा समजावून सांगावी लागली, नळाच्या पाण्यासकट. सांगता सांगता माझा आवाज चढला. चार वर्ग ओलांडणारा जुना आवाज. "ते झाकण मी आपटलं नाही. ते पडलं. माझा हात दुखला म्हणून पडलं. तुमच्या त्या बैठकीत दोन पुरुष गोळ्या मोजत बसले होते, आणि मला आत कळ आली होती."

डॉक्टर हसणार होता, पण कळ ऐकल्यावर त्याचं हसू गेलं. त्यानं मला जोरात झापलं. लगेच या म्हणून सांगितलं होतं ना, हे त्यानं दोनदा म्हटलं. ईसीजी काढला, रक्त घेतलं, आणि घरी जाऊ दिलं नाही. तिथंच भरती. सगळं झाल्यावर त्यानं पुन्हा खुर्ची ओढली. "आता झाकण बाजूला ठेवा. तुम्ही सांगा. तुमचं काय म्हणणं आहे?"

इतकं साधं वाक्य. "बायपास मला समजते," मी म्हणाले. "करायला पाहिजे तेही समजते. पण नंतर मला बसतं करायला, उठवायला, न्हाऊ घालायला घरी कोणी नाही. म्हणून मी गप्प राहिले."

"मी आहो न," नवरा म्हणाला.

मी हसले. ठरवून नाही, तोंडातून निघूनच गेलं, चांगलं मोठ्यानं. बाहेरच्या सिस्टरनं डोकावून पाहिलं. नवऱ्याचा चेहरा मात्र असा झाला, की माझं हसू अर्ध्यातच थांबलं. त्याला मी रागावलेला पाहिला आहे, गारपिटीनंतर वावरात उभा असलेला पाहिला आहे. शरमलेला कधी पाहिला नव्हता.

"हासू नको," तो म्हणाला. "मले येत नाई, हे मले माईत हाय. शिकीन." मग त्यानं डॉक्टरच्या टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला. "अन् खरं सांगू का. झाकन पडलं का आपटलं, एवढं मले समजते. इतके वर्सं आयकून राहिलो. पडलेलंच होतं ते. पन जवायाची छाती पाह्यली अन् मले वाटलं, तुयी अशी उघडतीन. मले नाई पाहवत ते. म्हनून मले जे आयकाचं होतं, तेच मी सांगतलं."

मला काय वाटलं म्हणता? आधी त्याचा गळा धरावासा वाटला. स्वतःच्या भीतीपायी हा माणूस मला चुकीच्या रस्त्यानं नेत होता. आणि त्याच दमात असंही वाटलं, की इतक्या वर्षांत हा माझ्यासाठी घाबरतो, हे मला कोणत्याच भांड्यातून कधी ऐकू आलं नव्हतं. डॉक्टर शहाणा. तो उठला आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

"बायपास करून टाक," नवरा म्हणाला. "दोन दिवसांत घरी नाई आली तरी चालते. तू रायली पाह्यजे."

मी सही केली. माझी स्वतःची, मराठीत, पूर्ण.

पुढचे तीन दिवस दवाखान्यात तयारी चालली होती, त्यात नवऱ्याचीही होती. सिस्टरनं त्याला शिकवलं. उठवताना हात ओढायचा नाही, हाड जुळत असतं. पाठीमागं, खांद्याखाली हात द्यायचा. आधी कुशीवर, मग पाय खाली, मग बसतं. खोकला आला की उशी छातीशी धरायला द्यायची. तो संध्याकाळी गावी जाऊन सराव करायचा, आणि सराव कोणावर? भासऱ्यांवर. मोठ्या जावेनं मला फोनवर सांगितलं. ओट्यावर भासरे आडवे, छातीशी उशी, आणि धाकटा भाऊ म्हणतो, "आता खोका, भाऊ." भासरे खोकतात. "हळू खोका. तुमचं हाड ताजं हाय." येणारे-जाणारे थांबून पाहायचे. जवाईही एकदा येऊन चुका काढून गेले. हसून हसून माझी छाती दुखायला लागली आणि डॉक्टरनं जावेचा फोन बंद करायला लावला.

ऑपरेशनच्या आधी मला भीती वाटली का? वाटली. खूप वाटली. स्ट्रेचरवर झोपून वरचे दिवे मागं जाताना पाहत होते, आणि पोरीचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करत होते, तो येईना. जाग आली तेव्हा घशात नळी होती आणि बोलता येत नव्हतं. नवऱ्याला दोन मिनिटं आत सोडलं. हातपाय धुऊन, हिरवा झगा घालून आलेला हा माणूस माझ्या कानाशी वाकला आणि बोलायला लागला. वांग्यावर अळी पडली, मेथी चांगली गेली, पोरगी दिवसातून दहा फोन करते. थांबायचं नावच नाही. मला कधी नव्हे तो उलटून बोलता येत नव्हतं, आणि त्यानं त्याचा पुरेपूर फायदा घेतला. मग सिस्टरनं चला म्हटलं, तेव्हा तो म्हणाला, "घरी चाल. मी पाह्यतो तुले," आणि तोंड फिरवून रडला.

त्यानं पाहिलं का? पाहिलं. मीठ जास्त पडलेली खिचडी केली, चहात साखर घालून मग आठवण झाली म्हणून तो ओतून दिला आणि पुन्हा केला. उठवताना पाठीमागं हात बरोबर द्यायचा, भासऱ्यांवर केलेला सराव वाया गेला नव्हता. मला दोन्ही हात डोक्याच्या वर नेता येत नव्हते. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक भेटायला येणार होते, आणि दवाखान्यात बारा दिवस गुंता झालेले माझे केस तसेच होते. नवरा तेलाची वाटी आणि फणी घेऊन माझ्या मागं बसला. पाऊण तास लागला. मुळापासून फणी ओढायचा, मी कण्हले की थांबायचा, मग टोकाकडून सुरू करायचा. कोणीतरी सांगितलं असेल, किंवा त्याला स्वतःलाच सुचलं असेल. वेणी जमेना, तेव्हा त्यानं मेथीची जुडी बांधतात तसे केस वळवून दोऱ्यानं बांधले.

मोठी जाऊ गुडघे धरत आली, माझ्याकडं पाहिलं आणि हसायलाच लागली. "मायवं, भांग तं पाह्य, पार कानापर्यंत गेला. आन इकडं फनी, मी काढून देतो."

मी आरशात पाहिलं. खरंच वाकडा होता, कपाळापासून निघून भलतीकडं गेलेला. नवरा दारात उभा होता, तेलकट हात अंगापासून दूर धरून, मी काय म्हणते ते ऐकायला.

"राहू द्या, बाई," मी म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सारं गाव भेटून गेलं, आणि मी तो भांग कोणाला सरळ करू दिला नाही.